आधी पाणी पाहा

(कम्प्युटर इंजिनिअरिंगला प्रवेश घेताना कॉलेज कसे पारखावे, या विषयावरील नभोवाणी भाषणाचा संपादित भाग)



मी पन्हाळ्याला राहतो. पावसाळा सुरू झाला की आमच्या गडावर दोन प्रकारची माणसे येतात. पहिली म्हणजे धुके पाहायला आणि गरम भजी खायला येणारे पर्यटक. २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यात पन्हाळाही आहे. तीन दरवाजा, सज्जाकोठी पाहून ही मंडळी संध्याकाळी खाली उतरतात. दुसरी माणसे माझ्या घरी येतात. त्यांच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी असते. पिशवीत बारावीची गुणपत्रिका, सीईटीचा निकाल आणि चार-पाच कॉलेजांची गुळगुळीत माहितीपत्रके असतात. मी तीसेक वर्षे एका इंजिनिअरिंग कॉलेजात कम्प्युटर शिकवला. आता निवृत्त आहे. त्यामुळे आसपासच्या वाड्या-वस्त्यांवरचे लोक हक्काने येतात आणि एकच प्रश्न विचारतात, ‘सर, ह्यातलं चांगलं कुठलं?’

दोन वर्षांपूर्वी गडाच्या पायथ्याच्या गावातले एक शेतकरी असेच आले. दीड एकर ऊस, दोन म्हशी. बरोबर मुलगी होती. मार्क बरे होते, फार वर नाही आणि फार खालीही नाही. वडिलांनी एक माहितीपत्रक उलगडले आणि एका फोटोवर बोट ठेवले.

‘सर, ह्यांच्यात बेचाळीस लाखाचं पॅकेज मिळालंय म्हणं.’

‘किती जणांना?’ मी विचारले.

त्यांनी मुलीकडे पाहिले. मुलीने कागदाकडे पाहिले. फोटो एकाच मुलाचा होता.

‘आणि बाकीच्यांना?’

त्यावर ते गृहस्थ जे बोलले ते मी अजून विसरलेलो नाही. ते म्हणाले, ‘सर, माझी पोरगी बाकीच्यांतलीच हाय की.’

श्रोते हो, माझे आजचे सगळे भाषण या एका वाक्यावर उभे आहे. कॉलेजचा कम्प्युटरचा अभ्यासक्रम चांगला की वाईट, हे पहिल्या मुलावरून ठरवायचे नसते. तो मुलगा कुठेही गेला तरी पुढे जातो. ते ठरवायचे वर्गातल्या मधल्या मुलावरून, मधल्या मुलीवरून. जी आत येताना साधारण होती, तिला चार वर्षांत कॉलेजने कुठवर नेले?

पूर्वी हा प्रश्न पडत नसे, कारण निवडायला फारसे काही नव्हतेच. पुण्याचे जुने सरकारी कॉलेज, सांगलीचे १९४७ सालचे वालचंद, कऱ्हाडचे १९६० सालचे सरकारी कॉलेज, अशी मोजकी ठिकाणे. तिथे प्रवेश मिळाला की घरात पेढे वाटायचे. १९८३ मध्ये राज्य सरकारने विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली आणि चित्र पालटले. आमच्या पन्हाळा तालुक्यात वारणानगरला तात्यासाहेब कोरे यांच्या नावाचे कॉलेज त्याच साली निघाले. कोल्हापुरात केआयटी निघाले तेही १९८३ सालीच. साखर कारखान्याच्या परिसरात, उसाच्या फडाशेजारी इंजिनिअरिंगचे वर्ग भरू लागले. ज्यांच्या घरात कोणी कॉलेजची पायरी चढले नव्हते, अशी हजारो मुले त्यामुळे इंजिनिअर झाली. हे ऋण विसरून चालणार नाही.

आता पर्याय उदंड आहेत. त्यातही सगळ्यांना कम्प्युटरच हवा. २०२४-२५ पासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने, म्हणजे एआयसीटीईने, चांगली कामगिरी असलेल्या कॉलेजांसाठी एका शाखेत किती जागा ठेवायच्या यावरची कमाल मर्यादा उठवली. बीसीएसारखे अभ्यासक्रमही त्याच वर्षापासून परिषदेच्या कक्षेत आले. जागा एका सहीने वाढतात, शिक्षक मात्र एका सहीने तयार होत नाहीत. म्हणून आज पारख करण्याची गरज पूर्वीपेक्षा जास्त आहे.

काही पालक म्हणतात, आता मुलींची फी माफ झाली, मग एवढी चिकित्सा कशाला? जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारने निर्णय घेतला. आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या, ८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. निर्णय चांगलाच आहे. पण तो केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून घेतलेल्या प्रवेशाला लागू आहे; मॅनेजमेंट कोट्याला आणि खासगी विद्यापीठांना नाही, हे आधी लक्षात घ्या. शिवाय होस्टेल, मेस, एसटीचा पास, लॅपटॉप हा खर्च राहतोच. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे फी माफ होते, चार वर्षे माफ होत नाहीत. अठरा ते बावीस ही वर्षे एकदाच येतात.

मग पारख कशी करायची? त्यासाठी मी लोकांना आमच्या गडाचे उदाहरण देतो.

पन्हाळ्याला येणारा माणूस तीन दरवाजाचे कोरीवकाम पाहून थक्क होतो. दरवाजा सुंदर आहेच. पण १६६० साली सिद्दी जौहरने वेढा घातला, तेव्हा गड चार महिने तगून राहिला तो कोरीवकामावर नव्हे. आत अंबारखान्याच्या गंगा, यमुना, सरस्वती या कोठ्या होत्या आणि पाणी होते. तीन दरवाजाजवळच अंधार बाव आहे. वरून साधी इमारत वाटते, खाली विहीर. वेढ्यात शत्रूचा हात पाण्यापर्यंत पोहोचू नये म्हणून ती अशी झाकून बांधली, असे सांगतात. रामचंद्रपंत अमात्यांची समाधी आमच्याच गडावर आहे. त्यांच्या आज्ञापत्रातही किल्ल्याच्या प्रकरणात पाण्याला पहिला मान आहे. पाणी नसेल तर गड कितीही उंच असो, उपयोग नाही.

कॉलेजचेही तसेच. कमान, काचेची इमारत, फ्लेक्स हा झाला दरवाजा. आपल्याला कोठार आणि पाणी शोधायचे आहे.

आधी शिक्क्यांविषयी बोलू, कारण पालक सर्वांत जास्त गोंधळतात ते तिथे. एआयसीटीईची मान्यता म्हणजे दुकान उघडण्याचा परवाना. माल चांगला असल्याचा तो दाखला नव्हे. नॅकची श्रेणी असते ती संपूर्ण कॉलेजला. एनबीएचे मानांकन मात्र एकेका शाखेला आणि ठरावीक मुदतीसाठी असते. म्हणून कमानीवर ‘एनबीए मानांकित’ असे लिहिले असेल तर दोन प्रश्न विचारा. कोणत्या शाखेला? आणि कोणत्या सालापर्यंत? मानांकन मेकॅनिकलला असते आणि पोरगी कम्प्युटरला जाते, असे होऊ शकते. शिवाय नव्या शाखेची किमान दोन वर्षांची मुले उत्तीर्ण होऊन बाहेर पडल्याशिवाय तिला हे मानांकन मिळत नाही. एनबीएच्या वेबसाइटवर शाखांची यादी आहे, ती कोणालाही पाहता येते. २०१४ मध्ये एनबीएमार्फत भारत वॉशिंग्टन कराराचा पूर्ण सदस्य झाला, तेव्हापासून या मानांकनाचे वजन वाढले आहे. चौथा शिक्का एनआयआरएफच्या क्रमवारीचा. ती २०१६ पासून निघते. तिच्यात संशोधनाला बरेच वजन आहे, लोकांच्या मनातल्या प्रतिमेलाही गुण आहेत. संशोधन हवेच, पण तुमच्या मुलीला पॉइंटर कोण समजावून सांगणार, हे त्यावरून कळत नाही.

आता एक कबुली देतो. मी शिक्क्यांवर पूर्ण विश्वास ठेवत नाही, कारण शिक्का मिळवण्याच्या कामात मी स्वतः राबलो आहे. समिती येणार म्हटले की आमच्याकडे लग्नघर व्हायचे. भिंतींना रंग, कुंड्या, नवे पडदे. एका प्रयोगशाळेची पाहणी झाली आणि समिती चहाला बसली की तिथले चांगले कम्प्युटर मागच्या जिन्याने दुसऱ्या प्रयोगशाळेत. कधीच न झालेल्या बैठकांची इतिवृत्ते आम्ही रात्री जागून लिहिली. त्यांतल्या काहींवर माझी सही आहे. नोकरी होती, गप्प बसलो. पण त्या वर्षी शेवटच्या बाकावरच्या मुलांना मी किती शिकवले, हे स्वतःला विचारले की आजही झोप उडते. फायलींना दिलेले दिवस त्यांच्या वाट्याचे होते. २०२५ च्या फेब्रुवारीत नॅकच्या पाहणी समितीतल्या सदस्यांना लाचेच्या प्रकरणात सीबीआयने अटक केल्याची बातमी आली, तेव्हा अनेकांना धक्का बसला. मला बसला नाही. याचा अर्थ सगळे शिक्के खोटे असा नव्हे. मानांकनाच्या निमित्ताने अनेक कॉलेजांना शिस्त लागली, हेही मी पाहिले आहे. पण शिक्का हा आपल्या चौकशीचा शेवट नसावा, आरंभ असावा.

चौकशीत पहिला प्रश्न नोकऱ्यांचा, म्हणजे प्लेसमेंटचा. फ्लेक्सवर लिहिलेले असते ‘९० टक्के प्लेसमेंट’. हे ९० टक्के कशाचे? समजा, पहिल्या वर्षी १२० मुले आली. चार वर्षांत त्यांतली ८४ पास झाली. त्यांतून सर्व परीक्षांत ६० टक्के आणि एकही विषय मागे नाही, अशी अट लावून ५० मुले ‘पात्र’ ठरवली. त्या ५० पैकी ४५ जणांना नोकरी लागली. फ्लेक्सवर येतात ९० टक्के. प्रत्यक्षात आत आलेल्या १२० पैकी ४५, म्हणजे साडेसदतीस टक्के. दोन्ही आकडे गणिताने बरोबर आहेत. आपण विचारायचे ते ‘आत आलेल्यांपैकी किती?’ असे. आणखी एक बारकावा. एका मुलाला तीन कंपन्यांकडून पत्र आले तर काही ठिकाणी तीन नोकऱ्या मोजतात. म्हणून पत्रे किती ते विचारू नका, मुले किती ते विचारा.

दुसरी गंमत सरासरीची. पाच मित्र आहेत. त्यांना वर्षाला ३ लाख, ३ लाख, साडेतीन लाख, ४ लाख आणि ४२ लाख मिळाले. सरासरी येते ११ लाख १० हजार. पण अकरा लाख पाचांपैकी एकालाही मिळालेले नाहीत! त्यांना पगाराप्रमाणे ओळीत उभे करा आणि मधल्याला विचारा. तो सांगेल साडेतीन लाख. शाळेच्या गणितात याला मध्यक म्हणतात. आपल्याला हवा तो हाच मधला आकडा.

आणि हा आकडा मिळतो. एनआयआरएफला माहिती देणाऱ्या कॉलेजांनी ती आपल्या वेबसाइटवरही ठेवायची असते. त्या तक्त्यात प्रवेश घेतलेली मुले किती, ठरलेल्या वर्षांत उत्तीर्ण किती, नोकरी किती जणांना, पगाराचा मध्यक किती आणि पुढे शिकायला किती गेले, हे ओळीने असते. ते संपूर्ण कॉलेजचे असते, एकट्या कम्प्युटर शाखेचे नसते, एवढे ध्यानात ठेवावे. पण फ्लेक्सपेक्षा तो तक्ता शंभरपटीने बोलका असतो. घरातल्या मोबाइलवर दहा मिनिटांचे काम आहे.

दुसरा प्रश्न असा की चार वर्षांत, एकही विषय मागे न ठेवता किती मुले पास होतात? केटी, वायडी हे शब्द आता घरोघरी माहीत झाले आहेत. एका मुलाची वायडी म्हणजे एका घराचे एक वर्ष. मानांकनाच्या अर्जात हा आकडा कॉलेजला भरावाच लागतो. म्हणजे तो त्यांच्याकडे असतो. विचारल्यावर सांगितला तर चांगली खूण. ‘तसं काही आम्ही काढत नाही’ असे उत्तर आले तर तीही खूणच.

मात्र इथे न्याय करायला हवा. पुण्या-मुंबईच्या नामांकित कॉलेजात ९९ पर्सेंटाइलची मुले जातात. ती पास होणारच. कटऑफ आपल्याला मुले कशी आली ते सांगतो, कॉलेजने काय केले ते सांगत नाही. चांगल्या बियाण्याचे पीक कोणत्याही रानात बरे येते. शाहूवाडी, गगनबावड्याकडून, मराठी माध्यमातून आलेल्या, घरी कधी कम्प्युटर न पाहिलेल्या मुलाला चार वर्षांत स्वतःचा प्रोग्रॅम लिहिता येऊ लागला, तर त्या कॉलेजचे काम मोठे आहे. त्याचा कटऑफ खाली असेल, पण पाणी चांगले आहे.

तिसरा प्रश्न शिक्षकांचा. नियमाप्रमाणे २० विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हवा. दरवर्षी २४० मुले घेणाऱ्या शाखेत दुसऱ्या ते चौथ्या वर्षात ७२० मुले झाली. त्यांना ३६ शिक्षक हवेत. कॉलेजच्या वेबसाइटवर शिक्षकांची यादी असते, ती मोजा. मग त्यांच्या रुजू होण्याच्या तारखा पाहा. निम्म्याहून अधिक जण गेल्या वर्ष-दीड वर्षातले असतील तर विचारा, आधीचे कुठे गेले? तासिका तत्त्वावरचा तरुण शिक्षक हुशार असतो, पण पगार वेळेवर नसेल आणि पुढच्या जूनचा भरवसा नसेल तर त्याचे लक्ष दुसरीकडे असते. शिक्षक टिकतात तिथेच अभ्यासक्रम मुरतो. आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार?

आपल्या देशातल्या संगणक शिक्षणाचा इतिहासही हेच सांगतो. १९६३ मध्ये कानपूरच्या आयआयटीत आयबीएम १६२० नावाचे यंत्र आले. आजच्या साध्या मोबाइलच्या पासंगालाही ते पुरणार नाही. पण प्राध्यापक राजारामन यांच्यासारख्या माणसांनी त्या यंत्रावर पिढ्या घडवल्या आणि विद्यार्थ्यांच्या खिशाला परवडतील अशी पुस्तके लिहिली. यंत्र केव्हाच गेले. शिकवणे टिकले.

चौथा प्रश्न प्रयोगशाळेचा. आमच्या भागातल्या लोकांना हा मुद्दा लवकर पटतो, कारण आपण ‘वायर्ड व्हिलेज’ पाहिले आहे. १९९८ मध्ये वारणा परिसरातल्या सुमारे ७० गावांत कम्प्युटर बसवण्याचा मोठा प्रकल्प सुरू झाला. देशभर नाव झाले. पुढे अभ्यासकांना आढळले की त्या कम्प्युटरचा खरा उपयोग उसाच्या नोंदींपुरता, वजन आणि बिलाच्या माहितीपुरता होत होता. मग काही गावांत तेच काम साध्या मोबाइलवरच्या एसएमएसने करून पाहिले आणि ते जमले. धडा एवढाच की यंत्रे किती बसवली हे मोजून काही कळत नाही, माणसे त्यांच्यावर काय करतात ते पाहावे लागते.

म्हणून कॉलेज पाहायला जाल तेव्हा प्रयोगशाळेत कम्प्युटर किती हे विचारू नका. दुपारी चारनंतर प्रयोगशाळा उघडी असते का, ते पाहा. कुलूप असेल तर समजून जा. उघडी असेल तर आत डोकावा. तिसऱ्या वर्षाच्या एखाद्या मुलाला किंवा मुलीला, शक्यतो टॉपर नसलेल्याला, प्रेमाने विचारा, ‘बाळ, तू स्वतः काय तयार केलंस ते दाखवतोस का?’ काय दाखवतो यापेक्षा कसे दाखवतो ते पाहा. एखादा मुलगा चिंचेच्या दुकानाच्या हिशेबाचा छोटासा प्रोग्रॅम दाखवील, तोही अडखळत. पण तो त्याचा असेल. दुसरा सुंदर प्रोजेक्ट दाखवील आणि ‘यातली ही ओळ काढली तर काय होईल?’ म्हटले की गप्प बसेल. प्रोजेक्ट विकत मिळतात, जर्नल उतरवून मिळते, हे आपल्याला माहीत आहेच. आता तर एआयला सांगितले की प्रोग्रॅम लिहून मिळतो. त्यामुळे तोंडी परीक्षा कशी घेतात, सबमिशनला खरेच प्रश्न विचारतात की नुसत्या सह्या होतात, याला पूर्वीपेक्षा जास्त महत्त्व आले आहे.

नव्या नावांविषयीही विचारतात. साधारण २०२० पासून एआय आणि डेटा सायन्स, सायबर सिक्युरिटी, मशीन लर्निंग अशा पाट्या सगळीकडे लागल्या. नावाला भुलू नका आणि नावाला घाबरूही नका. तिन्ही शाखांचे अभ्यासक्रम शेजारी ठेवून वाचा. डेटा स्ट्रक्चर, ऑपरेटिंग सिस्टिम, डेटाबेस, नेटवर्क आणि त्यासाठी लागणारे गणित हा पाया आहे का? पाया असेल तर नाव काहीही असो. पाया काढून वर नुसती फॅशन ठेवली असेल तर पाच वर्षांत फॅशन बदलेल आणि मुलाच्या हातात पाटी राहील.

आणि कॉलेज स्वायत्त असेल तर गेल्या दोन वर्षांच्या प्रश्नपत्रिका मागून घ्या. विद्यापीठाशी संलग्न कॉलेजात पेपर सगळ्यांना एकच असतो. स्वायत्त कॉलेज स्वतःचा पेपर काढते. ही सवलत चांगल्या कॉलेजाच्या हातात सोने होते, कारण त्याला अभ्यासक्रम वेळेवर बदलता येतो. दुसऱ्याच्या हातात तीच सवलत गुणांची खिरापत होते. प्रश्नांत ‘व्याख्या लिहा’, ‘फरक सांगा’ एवढेच आहे, की ‘हे गणित सोडवा’, ‘या प्रोग्रॅममधली चूक शोधा’ असेही आहे, हे बारावी शिकलेल्या मुलालाही कळते.

श्रोते हो, त्या मुलीचे पुढे काय झाले, हे तुम्हाला ऐकायचे असेल. मी तिला कॉलेजचे नाव सुचवले नाही. हे प्रश्न एका कागदावर लिहून दिले आणि म्हटले, वडिलांना घेऊन तीन ठिकाणी जाऊन ये. पहिल्या ठिकाणी त्यांना एसी हॉलमध्ये बसवले, चहा दिला, चित्रफीत दाखवली. प्रयोगशाळा पाहायची म्हटल्यावर ‘आज किल्ली नाही’ असे उत्तर आले. दुसऱ्या ठिकाणी कोणी बोलायला नव्हते. तिसऱ्या ठिकाणी इमारत जुनी, बाथरूमचे दार मोडके. पण साडेचार वाजता प्रयोगशाळेत पंधरा-वीस मुले होती आणि एक मॅडम एका मुलाशेजारी स्टूल ओढून बसल्या होत्या. मुलीने तिथल्या एका विद्यार्थिनीला विचारले, ‘इथं केटी किती जणांना लागते?’ ती म्हणाली, ‘पहिल्या वर्षी लै लागते. मलापण लागलेली. पण मॅडम संध्याकाळी बसवून घेतात.’

गाडीत परत येताना वडील मुलीला म्हणाले म्हणे, ‘हितं कुणीतरी बसवून घेणारं हाय.’ फॉर्ममध्ये तिने ते कॉलेज पहिल्या क्रमांकावर टाकले.

ती आता दुसऱ्या वर्षात आहे. पहिल्या सत्रात तिला गणिताची केटी लागली होती, ती सुटली. ४२ लाखांचे पॅकेज तिला मिळेल की नाही, मी सांगू शकत नाही. दिवाळीत घरी आली होती. गावातल्या दूध संस्थेत रोजचे फॅट लिहिण्याची वही असते, तिच्यावरून तिने एक प्रोग्रॅम केला आहे. मला दाखवायला लॅपटॉप घेऊन आली. त्यात दोन चुका होत्या. मी एक दाखवली. दुसरी तिने स्वतः शोधली.

तिच्यासारख्या सगळ्यांनाच असे कॉलेज मिळेल असे नाही. ज्यांना साधे कॉलेज मिळाले त्यांनी खचून जाऊ नये. आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्याने एनपीटीईएलवर फुकट ऐकता येतात, आपल्या गावात बसून. पण म्हणून कॉलेजांची जबाबदारी संपत नाही. आणि आपलीही नाही. पालक ‘जास्तीत जास्त पॅकेज किती?’ असे विचारतात, म्हणून फ्लेक्सवर तेच छापले जाते. उद्या शंभर पालकांनी दारात उभे राहून ‘तुमच्याकडच्या मधल्या मुलीचं काय होतं?’ असे विचारले, तर पुढच्या वर्षी कॉलेजांना त्याचे उत्तर तयार ठेवावे लागेल. आणि उत्तर तयार ठेवायचे तर त्या मुलीकडे लक्ष द्यावे लागेल.

पन्हाळ्याला याल तेव्हा तीन दरवाजा जरूर पाहा. पण चार पावले पुढे जाऊन अंधार बावेतही उतरा. पायऱ्या काळोख्या आहेत, जपून उतरा.